रखमाकाकूंच्या अंगातला योद्धा

आमचा टेम्पोवाला मुदस्सर पेन्सिल कानामागे खोचतो, चहा बशीत ओतून पितो आणि टेम्पोत माल भरेपर्यंत कॉमिक काढत बसतो. त्यातला अमर योद्धा दुसऱ्यांच्या शरीरात शिरून लढतो. यंदा तो बिरवाडीतल्या आमच्या खानावळवाल्या रखमाकाकूंच्या शरीरात शिरला. स्वतःला असं काढायला काकू नाय म्हणाल्या तर मुदस्सर सगळी पानं फाडणार होता.

काकूंनी चष्मा लावून पानं पाहिली. "आमच्या वाडीत कुणाच्या अंगात आलं की आधी विचारतात, काय पायजे? याला कुणी विचारलंच नाय! आणि हा जाणार कधी रे? भाकऱ्या कोण थापणार?"

मुदस्सरने हसत काकूंचा 'काय पायजे?' हा प्रश्न तिथेच पानावर लिहून घेतला.

पण हजार वर्षं लढणाऱ्याला काय हवं असेल, ते मुदस्सरला अजून सुचलेलं नाही. योद्ध्याच्या तोंडासमोरचा संवादाचा फुगा कोराच आहे.