दाजींची बिनटपाची गाडी

आमच्या दाजींना जिचा कधी राग आला नाही अशी एकही सजीव वा निर्जीव वस्तू जालना जिल्ह्यात शिल्लक नाही. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे, यजमान. कुंभार पिंपळगावच्या शिवारात त्यांची मोसंबीची बाग आहे, आणि त्या बागेतल्या प्रत्येक झाडाशी त्यांचं निदान एकदा तरी कडाक्याचं भांडण झालेलं आहे. बांधावरचं एक झाड शेजाऱ्याच्या बाजूला जास्त फळं धरतं म्हणून त्यांनी त्याला वर्षभर 'फितूर' म्हणून हाक मारली. फोनवर 'आपण संपर्क करू इच्छिता ती व्यक्ती' असं सांगणाऱ्या बाईला ते, 'मी तुमच्याशी बोलून राह्यलो का?' असं विचारतात आणि उत्तराची वाटही बघतात. लग्नपत्रिकेत नाव खाली छापलं तर लग्नाला जात नाहीत, आणि वर छापलं तर, 'आता जावंच लागंल,' म्हणून चिडतात. भाजीत मीठ कमी पडलं तर ताट सरकवतात. बेताचं पडलं तर, 'रोज असं का होत न्हाई?' म्हणून सरकवतात. नवीन माणसाला वाटतं, घरात कुणाचा तरी खून होतोय. आत जाऊन बघावं, तर दाजी टॉवेल शोधत असतात.

लोक हे सगळं हसण्यावारी घेतात. मीही घेत होतो, पण मनातून नाही. कारण हा आवाज तीस वर्षं ज्या एका माणसाच्या कानावर आदळतोय ती माझी बहीण आहे. त्यात आक्काला गाडी लागते. बस, जीप, रिक्षा, काहीही असो, दार लागलं की गावाची वेस ओलांडायच्या आत तिचा चेहरा पांढराफटक पडतो. आमची आई जालन्याला दवाखान्यात शेवटच्या घटका मोजत होती तेव्हा बाहेर झड लागलेली, म्हणून दाजींनी आक्काला जीपमध्ये घातलं. पाच ठिकाणी गाडी थांबवावी लागली आणि पाचही ठिकाणी दाजी रस्त्यावर उभे राहून ओरडले. ती पोचली तेव्हा आई गेली होती. दाजी कुणावर ओरडत होते ते मी कधी विचारलं नाही. मी ते माझ्या परीनं ठरवून टाकलं होतं.

तर गेल्या वर्षी मोसंबीला भाव चांगला मिळाला आणि दाजींचा फोन आला. "मेव्हणे, उद्या सुट्टी टाका. संभाजीनगरला जायचंय. गाडी घ्यायचीय. जुनी." मला आनंद झाला. वाटलं, एखादी सात माणसांची गाडी घेतील, आल्यागेल्याला उपयोग होईल. दुकानात अशा गाड्यांची रांगच होती. दाजी त्या रांगेवरून पाहुण्यांच्या पंगतीतून वाढप्यानं जावं तसे पुढे गेले आणि थेट कोपऱ्यात उभ्या असलेल्या लालभडक, बुटक्या, दोन माणसांच्या गाडीपाशी थांबले. तिला वर टपच नव्हता. विकणारा पोरगेला माणूस आनंदला. इंजिनाची ताकद, वेग, परदेशी बनावट असं काय काय सांगू लागला.

"ते राहू द्या," दाजी म्हणाले. "ही अशी उघडीच राहती का?"

"तीच तर गंमत आहे, काका!" म्हणत त्यानं एक बटण दाबलं. मागच्या पेटीतून काळं कापडी छत उठलं आणि छत्रीसारखं गाडीवर येऊन बसलं.

"मी बंद करा म्हणलो का?" दाजी कडाडले. "उघडा ते! जल्दी!"

त्यानं घाबरून उघडलं. दाजी आत बसले, म्हणजे जवळजवळ जमिनीवर बसले. "हे गाडीत बसणं हाय का पंगतीत?" म्हणाले. पण उतरले नाहीत. कोथिंबिरीच्या जुडीवरून अर्धा तास घालणाऱ्या या माणसानं त्या दिवशी घासाघीस केली नाही. मी त्यांना बाजूला घेऊन परोपरीनं सांगितलं, की ही श्रीमंतांच्या पोरांची गाडी आहे, हिचं पोट आपल्या रस्त्यांवर घासणार, लोक हसतील. "हसू द्या," दाजी म्हणाले. मला संताप आला. घरात बाई तीस वर्षं चुलीपुढे आणि ओरडा खाण्यात घालवते, आणि हातात चार पैसे आले की या माणसाला म्हातारपणी शौक सुचतो!

परतताना ते गाडी ट्रॅक्टरसारखी चालवत होते. दुसऱ्या गिअरमध्ये, आणि मधूनमधून मान वळवून मागं नांगर नीट चाललाय का ते बघत. डोक्यावर ऊन, तोंडात धूळ. सरकीच्या ट्रकमागून निघालो तेव्हा आम्ही दोघंही पांढरे झालो होतो. प्रत्येक गतिरोधकाला गाडी खालून खरवडली आणि प्रत्येक वेळी दाजी उतरून गतिरोधकाला बोलले. बदनापूरला चहा प्यायला थांबलो तर एक जण जवळ आला आणि काळजीनं म्हणाला, "टप चोरीला गेला का हो?" पुढचं मी लिहीत नाही.

जालन्यात मला सोडून ते गावी गेले. चौथ्या दिवशी आक्काचा फोन आला. "ये बाबा. ह्यांनी घर डोक्यावर घेतलंय. मला त्या गाडीत बस म्हणून राह्यलेत." मी तसाच मोटारसायकलवर निघालो. पोचलो तर अंगणात लाल गाडी, गाडीभोवती अर्धं गाव, आणि ओट्यावर आक्का पदर तोंडाला लावून बसलेली.

"मला न्हाई बसायचं," ती म्हणत होती. "मला गाडी लागती. चारचौघांत शोभा होती."

"न्हाई लागत! मी सांगतो ना, न्हाई लागत!" दाजी गरजले.

आणि मग माझा तोल गेला. त्यांच्यापुढे मी आवाज चढवला तो आयुष्यात पहिल्यांदाच. "दाजी, बास झालं! आईच्या वेळेला भर रस्त्यात तिच्यावर ओरडलात ते पुरलं नाही का? स्वतःच्या हौसेसाठी तिला कशाला छळता?"

दाजींचा चेहरा गाडीच्या रंगाचा झाला.

"हौस?" ते म्हणाले. "माझी हौस? मोटारसायकलवर हिला लागत न्हाई. ट्रॅक्टरवर लागत न्हाई. बैलगाडीत बिलकुल लागत न्हाई. मंग कशानं लागती? टपानं लागती! आता गुडघे गेले हिचे, मोटारसायकलवर बसता येत न्हाई. लेकीच्या लग्नाला सहा वर्षं झाली, भोकरदनला तिचं घर हिनं पाह्यलं न्हाई. ट्रॅक्टरवर बसवून नेऊ का लेकीच्या दारात? आन् त्या दिवशी जीपच्या वक्ताला मी हिच्यावर वरडलो न्हाई. मी जीपवर वरडत होतो!"

मी मान खाली घातली. आक्का उठली. आत जाऊन तिनं चांगलं लुगडं नेसलं आणि येऊन गाडीत बसली.

पुढे ते दोघं, मागं मोटारसायकलवर मी. घनसावंगी गेलं, अंबड गेलं. आक्काचा पदर माझ्या तोंडापुढे पताकेसारखा फडफडत होता. अंबडच्या पुढे तिनं मागं वळून मला हात केला, आणि मी बघितलं, तिच्या चेहऱ्यावर रंग होता. जालन्यात एका चौकात ट्रकमागे थांबलो. दाजी रागारागानं हॉर्न शोधू लागले आणि त्यांचा तळवा नेमका त्या बटणावर पडला. काळं छत उठलं आणि आक्काच्या डोक्यावर येऊन बसलं. पुन्हा बटण दाबलं. दहा वेळा दाबलं. छत हलेना. विकणाऱ्यानं एवढी एक गोष्ट सांगितली नव्हती.

"अहो," आक्का बारीक आवाजात म्हणाली, "बंद झालं." तिचे ओठ पांढरे पडायला लागले होते.

दाजींनी तिला उतरवून लिंबाच्या सावलीत बसवलं, माझ्यापाशी ठेवलं आणि गाडी एमआयडीसीतल्या एका गॅरेजवर नेली. तासाभरानं, आता आक्काला घरी परत न्यायचं कसं या विचारात आम्ही असतानाच ते परत आले. गाडीला छत नव्हतं. मागची पेटीही उघडीबोडकी होती. गॅरेजवाल्याची हकीकत मला नंतर कळली. तो बिचारा म्हणत होता, "काका, अशी गाडी कापत नाहीत. दोन दिवस ठेवा, सामान मागवतो." त्यावर दाजी म्हणाले होते, "गाडी कुणाची? माझी. बायको कुणाची? माझी. मंग तू मधी कोण? काप!"

भोकरदनला आम्ही चारच्या सुमाराला पोचलो. लेक दारात आली आणि आईला बघून तिथंच खाली बसली. आक्का मात्र तिला ओलांडून आधी स्वयंपाकघरात गेली. एकेक डबा उघडून बघितला, पाण्याच्या माठात हात घातला, मागच्या दारी जाऊन कपडे कुठं वाळत घालतात ते बघितलं. सहा वर्षं जे फोनवर ऐकलं होतं ते सगळं हातानं चाचपून पाहिलं, आणि मग पदरानं डोळे पुसले. दाजी बाहेर गल्लीतल्या लोकांवर ओरडत होते, "हात लावू नका! बघायची गोष्ट हाय, बघा!"

दुसऱ्या दिवशी सकाळी लेकीनं आईला आठ दिवस ठेवून घेतलं. लग्न झाल्यापासून आक्का अशी कुठं राहिली नव्हती. दाजी जाऊन गाडी पुसू लागले. गाडीपाशी मी त्यांची माफी मागायला गेलो, शब्द जुळवत होतो, तेवढ्यात तेच म्हणाले, तेही इतक्या हळू की मला आधी दुसरंच कुणी बोललं असं वाटलं, "मेव्हणे, आठ दिवस घरी मी वरडू कुणावर?"

जालन्यापर्यंत मी त्यांच्या मागोमाग होतो. अंबड चौफुलीला त्यांनी मान न वळवता हात वर केला आणि गाडी गावाच्या रस्त्याला लावली. उघड्या गाडीत त्यांचे पांढरे केस वाऱ्यावर उडत होते. शेजारच्या सीटवर लेकीनं दिलेला लाडूंचा डबा होता. तो हलू नये म्हणून दाजींनी त्याला पट्टा लावला होता, आणि एक हात त्याच्यावर ठेवून ते अगदी सावकाश, एकही हॉर्न न वाजवता चालले होते.