लाल पट्टीच्या खाली

माझ्या थोरल्या साडूंइतका हट्टी माणूस अमिरातींत दुसरा झाला नसेल, आणि झालाच असेल तर २००८ च्या मंदीत त्यानेही गाडी विकून सामान बांधलं असेल. साडूंनी यातलं काहीच केलं नाही. शारजात अल नहदामधल्या आमच्या दोघांच्या बिल्डिंगमध्ये दर आठवड्याला एक फ्लॅट रिकामा होत होता. लिफ्टमध्ये लोक एकमेकांना ‘कसे आहात’ऐवजी ‘कधी निघताय’ विचारत. विमानतळाच्या पार्किंगमध्ये गाड्या टाकून माणसं निघून गेली, अशा बातम्या रोज येत होत्या. मी बातम्यांच्याच धंद्यात होतो. कधीही संपादक नव्हतो, तरी साडू मला संपादक म्हणत. “संपादक,” ते मला म्हणाले, “माणूस नोकरी सोडतो, देश सोडतो, हे समजू शकतो. चालू स्थितीतली गाडी सोडून जाणारा माणूस मला समजत नाही.”

त्यांची गाडी चारही चाकांना जोर देणारी, उंच आणि करड्या रंगाची होती. गियरच्या मागे एक गोल डायल होता आणि त्यावर पाच चित्रं होती: साधा रस्ता, बर्फाचा कण, चिखल, वाळू आणि खडक. जसा रस्ता असेल तसं चित्र लावायचं, म्हणजे गाडी जोर आणि ब्रेक त्याप्रमाणे सांभाळते. बर्फाचा कण गवत, खडी आणि एकूणच निसरड्या जागांसाठी होता. साडूंचा रोजचा रस्ता म्हणजे शारजा ते दुबई. तो सकाळी दीड तास आणि संध्याकाळी दोन तास जाम असे आणि त्यावर गवतही नसे. तरीही साडू डायल फिरवत. पुढे सिमेंटचा ट्रक आला की खडक. खडक लावण्यासाठी गाडी उभी करून खालच्या गियरमध्ये घ्यावी लागते, पण जाममध्ये गाडी उभीच असल्यामुळे ही अट आपोआप पूर्ण होते, असं ते सांगत. एका जुलैच्या दुपारी त्यांनी बर्फ लावला होता. एसीत फरक पडला नाही, पण मनाला बरं वाटलं, असा त्यांचा निष्कर्ष होता. पुढे पुढे ही चित्रं गाडीतून घरात आली. ताईंचा, म्हणजे त्यांच्या पत्नीचा आणि माझ्या मेहुणीचा, पारा चढलेला असला की ते दारातच मला हळू आवाजात सांगत, “आज चिखल आहे. ॲक्सिलरेटर बेतानं.” ऑफिसच्या एचआर विभागाला ते कायम खडक म्हणत.

ते पेशाने क्वांटिटी सर्व्हेअर होते. इमारतीत किती काँक्रीट, किती सळई आणि किती टाइल लागेल ते मोजणं हे त्यांचं काम, आणि मोजल्याशिवाय त्यांचा कशावरही विश्वास नसे. गाडीच्या मॅन्युअलात लिहिलं होतं की सत्तर सेंटिमीटरपर्यंतच्या पाण्यातून ती जाऊ शकते. साडूंनी त्यातून दहा सेंटिमीटर लाटांसाठी वजा केले आणि दहा ऐनवेळच्या अडचणींसाठीची ‘कॉन्टिंजन्सी’ म्हणून. मग फरशी पुसायच्या मॉपचा ॲल्युमिनियमचा दांडा काढून त्यावर पन्नास सेंटिमीटरला लाल चिकटपट्टी गुंडाळली. तो दांडा गाडीत मागच्या सीटखाली असे. ताई दोन वर्षं वाकून फरशी पुसत होत्या. “यांच्या पाण्याची खोली मोजायला देशात पाणी आहे का, ते आधी विचारा,” असं त्या मला म्हणाल्या होत्या.

दर शुक्रवारी, म्हणजे तिथल्या सुट्टीच्या दिवशी, सकाळी साडू सराव करत. बिल्डिंगच्या मागे कच्चं पार्किंग होतं, म्हणजे नुसता वाळूचा मोकळा प्लॉट. तिथे दोनशेएक गाड्या जमेल तशा लावलेल्या असत. शुक्रवारी त्या कमी झाल्या की साडू डायलवर वाळू लावून प्लॉटला फेऱ्या मारत. कुठे खड्डा, कुठे मुरूम पक्का, कुठे कोणाच्या बांधकामाचा राडारोडा पुरलेला, हे सगळं त्यांनी मोजून कागदावर नकाशात उतरवलं होतं. बाल्कनीतून लोक बघत. त्यांची मुलगी तेव्हा दहावीत होती. ती खिडकीचा पडदा ओढून घेई आणि म्हणे, “बाबा, प्लीज. माय फ्रेंड्स लिव्ह इन दिस बिल्डिंग.” साडू उत्तर देत, “त्यांनाही शिकायचं असेल तर पाठव.”

मग त्यांची नोकरी गेली. पत्र आलं तेव्हा साडूंनी ते दोनदा वाचलं, नोटिशीचे दिवस मोजण्यात एका दिवसाची चूक आढळली, ती लाल पेनने दुरुस्त केली आणि पत्र कंपनीकडे परत पाठवलं. कंपनीने दुरुस्ती मान्य केली. अशा रीतीने मंदीकडून एक दिवस वसूल करणारा मला माहीत असलेला हा एकमेव माणूस. पण व्हिसा रद्द झाला की तीस दिवसांत देश सोडायचा, हा नियम कोणत्याही पेनने दुरुस्त होत नव्हता. मुलीची बोर्डाची परीक्षा अडीच महिन्यांवर होती. शाळा मध्येच सोडली तर तिचं वर्ष जाणार होतं. ताईंनी बॅगा काढल्या. गाडी विकावी असं त्यांनी एकदाच सुचवलं.

“गाडी विकून मुलाखतींना काय टॅक्सीने जाऊ?” साडू म्हणाले.

“मुलाखती आहेत कुठे?”

“येतील. गाडी असली की येतील.”

एक आली. बाविसाव्या दिवशी, पार अबू धाबीजवळच्या मुसफ्फातल्या एका फॅब्रिकेशन वर्कशॉपमध्ये, सकाळी दहा वाजता. जागा खालच्या हुद्द्याची होती. साडूंनी तिच्यासाठी इस्त्रीचा शर्ट, फाइल आणि निघायची वेळ, सकाळी साडेसहा, ही सगळी तयारी आदल्या दिवशी केली. आणि त्याच दिवशी संध्याकाळी पाऊस सुरू झाला.

त्या देशातल्या पावसाबद्दल एवढंच सांगतो की रस्ते बांधताना त्याचा कोणी विचार केलेला नव्हता. पाणी जिथे पडतं तिथेच राहतं आणि टँकर येऊन ते उपसून नेतात. सकाळी बाल्कनीतून पाहिलं तर सखल कोपऱ्यात लावलेली माझी छोटी गाडी दारांच्या कड्यांपर्यंत बुडाली होती. मी ऑफिसला फोन करून सुट्टी घेतली. तेवढ्यात साडूंचा फोन आला.

“काय संपादक, पोहते का तुमची गाडी?”

“नाही.”

“मग खाली या. साक्षीदार लागेल.”

ताई दारात उभ्या होत्या. “अहो, फोन करून वेळ बदलून घ्या ना,” त्या म्हणाल्या. “सगळ्यांनाच पाऊस आहे.”

“म्हणूनच,” साडू म्हणाले. “आज सगळे फोन करतील. माझा फोन वेगळा कसा ओळखणार ते?”

पहिली चूक त्यांनी गेटबाहेरच केली. डायलवर वाळू लावली. त्यांचा सिद्धांत असा की या देशात शेवटी सगळं वाळूच आहे आणि डांबर हा वर पसरलेला निव्वळ औपचारिकपणा. पण वाळूच्या चित्रात गाडी चाकांना मोकळं फिरू देते, आणि ओल्या डांबरावर तेच नको असतं. पहिल्या राउंडअबाउटला गाडीचं मागचं अंग सावकाश, अगदी सभ्यपणे, बाजूच्या कठड्याकडे सरकलं. एक वीत अंतर ठेवून ती थांबली. साडूंनी चष्मा लावला, कप्प्यातून मॅन्युअल काढलं आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच माझ्यादेखत ते उघडलं. मग डायल फिरवून बर्फाच्या कणावर आणला.

“शारजात बर्फ?” मी विचारलं.

“निसरडं म्हणजे निसरडं,” ते म्हणाले. “घरी सांगायची गरज नाही.”

हायवेकडे जाणारा रस्ता पुढे एका पुलाखालून जातो. तिथे पाणी साचलं होतं आणि पाण्याच्या मध्यभागी तीन गाड्या बंद पडून उभ्या होत्या. त्यातली एक साडूंच्या गाडीइतकीच उंच होती. काठावर आठ-दहा गाड्या अंदाज घेत होत्या. मागचा एक पिकअपवाला काच खाली करून ओरडला, “यल्ला हबीबी, बड़ा गाड़ी है, डरता क्यों है?”

मला वाटलं, साडू आता चिखल लावणार आणि घुसणार. इतकी वर्षं ज्या क्षणाची तयारी केली तो क्षण समोर होता, मागे प्रेक्षक होते, मुलाखत होती आणि तीसपैकी आठ दिवस उरले होते. साडूंनी सीटखालून दांडा काढला. बूट-मोजे गाडीत ठेवले, इस्त्रीची पँट गुडघ्याच्या वर दुमडली आणि ते पाण्यात उतरले. पिकअपवाला हसत होता. साडू पुलाच्या सावलीपर्यंत गेले, दांडा सरळ उभा धरला, बोटाने खूण केली आणि परत आले. लाल पट्टीच्या वर चार बोटं.

“गाडी सत्तरपर्यंत जाते,” मी म्हणालो. “हे साठसुद्धा नाही.”

“सत्तर गाडी बनवणाऱ्याचे. पन्नास माझे.” ते रुमालाने पाय पुसत होते. “स्वतःचा आकडा पाण्यात उभं राहून बदलायचा नसतो, संपादक.”

त्यांनी गाडी वळवली. पिकअपवाल्याने हॉर्न वाजवला. साडूंनी त्याला दांडा दाखवला आणि हाताने पाण्याची खोली सांगितली. तो तरीही गेला. मी आरशात पाहत होतो. चौथी गाडी तीच झाली.

आम्ही परत बिल्डिंगशी आलो तेव्हा मला वाटलं, मुलाखत संपली. साडू मागे वळले, कच्च्या पार्किंगकडे. प्लॉटची पलीकडची बाजू दुसऱ्या, उंचावरच्या रस्त्याला मिळते. मध्ये अर्धा किलोमीटर वाळूचा लगदा झाला होता. साडूंनी डायलवर चिखल लावला, खिशातून शुक्रवारचा नकाशा काढून माझ्या मांडीवर ठेवला आणि म्हणाले, “वाचा.” मी वाचत गेलो. डाव्या खांबापासून बारा मीटर सरळ, मग उजवीकडे, मुरूम पक्का. पुढे खड्डा, टाळावा. गाडी डुलत, फुरफुरत, न थांबता चालली. बाल्कन्यांत माणसं होती. तिसऱ्या मजल्यावर पडदा बाजूला झाला आणि साडूंची मुलगी दिसली. तिने हात केला नाही, पण पडदाही ओढला नाही. पलीकडच्या रस्त्यावर चढल्यावर साडूंनी फक्त एवढंच म्हटलं, “बघितलंत ना, डायल?”

नेमकं सांगायचं तर डायलने त्या दिवशी एक-तृतीयांश काम केलं. उरलेलं दांड्याने आणि नकाशाने. हे मी त्यांना कधी सांगितलं नाही.

मुसफ्फाला आम्ही दहाला दहा कमी असताना पोहोचलो. वर्कशॉपचं गेट बंद होतं. वॉचमन म्हणाला, “साहब, आज कोई नहीं आएगा.” साडूंनी त्याच्याकडून रजिस्टर मागून घेतलं, वेळ लिहिली, सही केली आणि त्याच्या खोलीत स्टुलावर बसले. मॅनेजर साडेअकराला आला. इजिप्शियन होता, त्याची पँट मांड्यांपर्यंत भिजलेली होती. त्याने रजिस्टर पाहिलं, साडूंची कोरडी पँट पाहिली आणि विचारलं की शारजाहून कसे आलात. साडूंनी अनुभवाची फाइल उघडलीच नाही. दांडा आणला. वीस मिनिटं त्यांनी लाल पट्टी पन्नासलाच का, हे समजावून सांगितलं. नोकरी मिळाली. हुद्दा खालचाच होता. परतीच्या वाटेवर ते नाराज दिसले. विचारलं तर म्हणाले, “डायलबद्दल त्याने काहीच विचारलं नाही.”

मुलीने परीक्षा दिली. साडू मुसफ्फात आणखी नऊ वर्षं सळया मोजत राहिले आणि मग, कोणी काढलं म्हणून नव्हे तर स्वतः ठरवलेल्या तारखेला, पुण्याला गेले. गाडी विकताना घेणाऱ्याला त्यांनी तासभर पाचही चित्रं समजावली. शेवटी तो बिचारा “खलास, चाचा, खलास” म्हणत किल्ली घेऊन निघाला. दांडा त्यांनी मला दिला. ताईंनी तो परत मागितला नाही.

गेल्या खेपेला असाच मोठा पाऊस झाला तेव्हा सकाळी माझ्या दाराची बेल वाजली. साडूंची मुलगी होती. ती आता इथेच नोकरी करते, अल नहदातच राहते, आणि तिचीही गाडी उंच आहे. “काका, बाबांची स्टिक तुमच्याकडे आहे ना?” तिने विचारलं. मी बाल्कनीतून दांडा आणून दिला. चिकटपट्टीचा लाल रंग उडून गुलाबी झाला होता. ती खाली गेली, चपला काढल्या, चौकातल्या पाण्यात उतरली आणि सरळ उभी राहिली. परत आल्यावर तिने पुण्याला फोन लावला आणि आवाज मोठा केला.

“बाबा, पट्टीच्या वर चार बोटं.” चक्क मराठीत.

“मोजताना दांडा सरळ होता?”

“हो.”

“मागून जा. कच्च्या पार्किंगमधून. नकाशा काकांकडे असेल.”

ती माझ्याकडे पाहू लागली. मी म्हणालो, “साडू, तिथे आता टॉवर झालाय. बावीस मजल्यांचा.”



“बावीस,” ते म्हणाले. “मग आज घरीच थांब, बाळा.” आणि जरा वेळाने, “संपादक, ती पट्टी एकदा नवी लावून घ्या. पन्नासलाच.”