छपरातून उतरलेले ग्रहण

१९९५ साल. मी एकसष्ट वर्षांचा होतो, आणि पेडणे महालात माझ्याएवढा शहाणा माणूस नाही याविषयी माझ्या मनात शंका नव्हती. इतरांच्या मनात असेल, पण त्यांना मी कधी विचारले नाही.

शिक्षण म्हणाल तर दुसरी. पोर्तुगेजांच्या काळात देवळाच्या मंडपात एक पंतोजी शिकवायचे. तिसरी येण्याआधीच शाळा आणि मी एकमेकांना कंटाळलो. तरी गोव्याची भाषा कोकणी की मराठी हे भांडण पेटले तेव्हा मराठीच्या बाजूने मी इतका ओरडलो की घसा बसला. निवेदनावर सही करताना रांगेत मागे उभा असलेला म्हणाला, "बाबा, गोंय राज्य जातलें, पूण तुजी सय सोंपची ना." गोवा राज्य होईल, पण तुझी सही संपणार नाही, असे त्याचे म्हणणे. झालेही तसेच म्हणा.

धंदा माझा नळे परतण्याचा. पावसाआधी छपरावरचे नळे, म्हणजे कौले, उतरवायची, झाडायची, फुटकी बदलायची आणि पुन्हा बसवायची. गावातली निम्मी घरे माझ्या हातची. "माझ्या हाताखालून गेलेल्या छपरातून मुंगीसुद्धा आत डोकावणार नाही," असे मी तिठ्यावर बसून सांगायचो. आमच्या स्वतःच्या छपरावर मी किती पावसाळे चढलो नव्हतो, ते मात्र कोणी विचारले नाही. अंथरूण भिजले की बायको विचारायची. "हातरुणार पाणी पडता तें खंयचें?" मी म्हणायचो, "मांजर."

त्या वर्षी दिवाळीतल्या अवसेला सकाळी सूर्यग्रहण होते. नात आमच्याकडे शाळेला होती. तिचा बाप, म्हणजे माझा मुलगा, डिचोलीला खाणीच्या ट्रकवर. शाळेच्या बाई म्हणजे गावचीच सून. त्यांनी सुटी असूनही सगळ्या मुलांना मैदानावर बोलावले. काळ्या काचांचे चष्मे आणलेत, त्यातून ग्रहण बघायचे आणि कागदावर काढून आणायचे, असे सांगितले.

मी म्हणालो, "ग्रहणात माझी नात दाराबाहेर पाऊल टाकणार नाही. ग्रहण शिकायचे तर मी शिकवतो."

सगळा वाडा मैदानावर गेला. माझ्या शाळेत विद्यार्थी एकच, तोही रडणारा. मी दार लावले, जनेलं लावली, फटीत फडकी कोंबली. पाण्याच्या कळशीवर बायकोने तुळशीचे पान ठेवले. काळोखात मांडी घालून मी धडा सुरू केला.

"राहू सूर्याला गिळतो. पण राहूला धड नाही. म्हणून सूर्य गळ्यातून परत बाहेर येतो."

"बाई सांगतात, चांद मधें येता."

"बाईंनी बघितला?"

"तुवें राहू बघितलो?"

नऊ वर्षांच्या पोरीला उत्तर द्यायला वेळ लागतो. मी खाकरत असताना तीच ओरडली, "आजो! भिंतीर चांद पडल्यात!"

"दिवसा चांद खंयचो?"

"बघ तरी. एक न्हय. सगळी भिंत भरली."

मी वळलो. चवथीला मी स्वतः चुना काढलेली ती भिंत. तिच्यावर ठिकठिकाणी उजेडाच्या कोरी पडल्या होत्या, नखाने कोरल्यासारख्या, सगळ्या एकाच बाजूला कललेल्या. मी मांडी मोडून मागे सरकलो. पण तोंड माझे स्वतंत्र चालते. म्हणालो, "काचेच्या नळ्याचा उजेड तो."

"काचेचो नळो रांदपाच्या कुडींत आसा, आजो."

ते खरेच होते. स्वयंपाकघरात मीच बसवला होता. मग म्हणालो, कळशीचा उजेड असेल. तिने कळशी उचलून माजघरात नेली. कोरी जागच्या हलल्या नाहीत. ती वर बघायला लागली.

"नळ्यांक भोकां आसात."

"माझ्या नळ्यांना भोके नसतात," असे म्हणून मी आंबे काढायचा लांब बांबू घेतला आणि छपरातल्या एका चिरेवर त्याचे टोक दाबले. सिद्ध करायला निघालो होतो मी. भिंतीवरची एक कोर विझली. टोक काढले, पेटली. दुसऱ्या चिरेवर दाबले, दुसरी विझली. जगात स्वतःविरुद्ध साक्षीदार शोधून, त्याला बांबूने टोचून बोलते करणारा माझ्याशिवाय कोणी नसेल.

काळोखातून बायकोचा आवाज आला. "तीं सगळीं मांजरां न्हय?"

पोरगी मात्र भिंतीला नाक लावून बसली होती. "आजो, घास गोल आसा. दांतांची खूण नाय." चुलीतला कोळसा आणून तिने माझ्या चुन्यावर एकेका कोरीभोवती रेघ ओढली. एरवी मी पाठीत धपाटा घातला असता. कोर बारीक होत गेली, मग पुन्हा भरू लागली, आणि मीच तिला सांगू लागलो, "ही बघ, ही राहिली." राहूची गोष्ट तिथेच पडून राहिली, धडसुद्धा नव्हते बिचाऱ्याला.

ग्रहण सुटले. अंघोळी झाल्या. नात भिंतीवरची कोर कागदावर उतरवून मैदानावर पळाली, आणि मी शिडी काढली. कोणी बघायच्या आत भोके बुजवायची होती. मे महिन्यात जे लोक मला छपरावर बोलावणार, त्यांच्या कानावर ही गोष्ट गेली तर माझे उरले काय?

शिडी लावतो न लावतो तोच नात रडत आली. मागे बाई.

"सगळे माका फटिंगी म्हणतत," ती म्हणाली. फटिंगी म्हणजे खोटारडी. दारे-जनेलं बंद असलेल्या घरात ग्रहण दिसले म्हणते. कोरही उलटी काढली, सगळ्यांची एका बाजूला, हिची दुसऱ्या. थापच मारते.

बाई म्हणाल्या, "आजोबा, ती खोटं बोलत नाही. बारीक भोकातून उजेड आला की चित्र उलटं पडतं. मी सांगितलं मुलांना, पण डोळ्यांनी बघितल्याशिवाय पटायचं नाही. उद्या सकाळी ऊन याच बाजूने येईल ना? ग्रहण नसेल, सूर्य गोल दिसेल, पण भिंतीवर दिसेल तर खरा. घेऊन येऊ मुलांना?"

उद्या पाडवा. पोरे येणार म्हणजे त्यांच्या मागून बापही येणार. आणि ते सगळे मान वर करून माझे छप्पर बघणार.

मी म्हणालो, "उद्या कामा आसात."

बाई 'बरं' म्हणाल्या. नातीने शिडीकडे बघितले, माझ्याकडे बघितले, आणि ती हातातल्या कागदाची घडी घालत घालत आत गेली. घडी अगदी लहान होईपर्यंत घालत होती.

मी शिडीच्या दुसऱ्या पायरीवर उभा. दुसरीच्या वर मी कुठेच गेलो नाही, हे तेव्हा लक्षात आले. खाली उतरलो. पाणंदीतून बाई जात होत्या, त्यांना मोठ्याने हाक मारली, म्हणजे शेजाऱ्यांनाही ऐकू जावी. "पोरांना लवकर आणा. ऊन वर चढले की भिंतीवरून उतरते."

बायको म्हणाली, "शिडी?"

"गोठ्यात ठेव."

पाडव्याच्या सकाळी गोठ्यातल्या गोरवांच्या पूजेची गडबड बाजूला ठेवून मी जनेलं लावली, फटीत पुन्हा फडकी कोंबली. अंगणात पोरे आणि त्यांच्यामागे, वाटलेच होते तसे, मोठी माणसेही जमली. एकजण म्हणाला, "काय रे, मुंगी कशी येता आंत, दाखय बघूया."

मी नातीला भिंतीपाशी उभी केली, दार उघडले आणि म्हणालो, "चपला बाहेर काढा. आधी हिचे ऐका, मग वर बघा."