तळाचा निरोप

समुद्राच्या तळाशी आम्ही सेन्सर ठेवले होते. पाण्यात रेडिओलहरी टिकत नाहीत, म्हणून एक सेन्सर दुसऱ्याला आवाजाने निरोप देतो, दुसरा तिसऱ्याला, आणि तो वर तरंगणाऱ्या यंत्रापर्यंत येतो. वादळात मधला सेन्सर मुका झाला, तरी बाकीच्यांनी वळसा घालून निरोप पोचवला. किनाऱ्यावर मी लॅपटॉपच्या पडद्याकडे आनंदाने बघत होते. त्याच वादळात मुलगा बुडालेल्या सुलभाकाकी जवळ आल्या.

"खालचा कळता मा तुका? पाणी खूप थंड आसा काय गो?"

तळाच्या तापमानाचा आकडा बघून मी म्हणाले, "नाही काकी, फार नाही."

"बरा झाला. तेका थंडी सोसत नाय होती."

त्यांना हवा असलेला निरोप कुठल्याच वाटेने येणार नव्हता. तरी त्या पडद्याकडे बघत वाळूत बसून राहिल्या.