धूसर चौकोन

आज अंगणातल्या गोकर्णीला पहिलं फूल आलं. फोटो काढून मित्रांच्या ग्रुपवर टाकला. लगेच सदाचं उत्तर, "काय राव, माळीबुवा झालास की!" बरं वाटलं. फुलाचा फोटो पाठवणाऱ्याला याहून जास्त काही नकोच असतं.

हे मला फार उशिरा कळलं. याच अंगणात सुमनची, माझ्या बायकोची, फुलझाडं होती. गाडी लावायला जागा हवी म्हणून मीच ती उपटून फरशी घातली. ती भांडली नाही. "गच्चीवर कुंड्या तरी ठेवू ना?" एवढंच विचारलं. मग कुंडीत जे फुलेल त्याचा फोटो ती रोज मला ऑफिसात पाठवायची. मी एकही उघडला नाही.

ती गेल्यावर फरशी फोडली, माती भरली, तिची सगळी झाडं पुन्हा लावली. तिच्या गोकर्णीचा निळा असाच होता का, हे ताडून पाहायला आज तिने पाठवलेले जुने फोटो फोनवर शोधले. सगळे धूसर चौकोन. बोट लावलं, तर फोन म्हणाला, हा फोटो आता मिळणार नाही, पाठवणाऱ्याला पुन्हा पाठवायला सांगा.