बससाठी वाजलेली शिट्टी

चहा तो उभ्यानेच प्यायचा. घरात बाकावर बसला तरी कडेला बसायचा, शेजारी कुणीतरी येणार असल्यासारखा. माणसांना नावापेक्षा त्यांच्या थांब्यावरून ओळखायचा. तळ्याकडची म्हातारी, वडाकडचा मास्तर. पोदेर सायकलवरून पाव घेऊन दारात आला की पाव घेण्याआधी त्याच्या टायरकडे नजर टाकायचा. देवळात शिरताना गळ्यातली शिट्टी काढून खिशात ठेवायचा आणि बाहेर आला की पहिल्यांदा ती गळ्यात घालायचा. खोटं बोलायची वेळ आली की गप्प बसायचा, आणि तेवढ्यावरून समोरच्याला सगळं कळायचं. रस्त्यावर कुणी हात वर करून धावताना दिसलं की त्याचा हात आपोआप छातीवरच्या शिट्टीकडे जायचा. जेवत असला तरी.

गोकुळदास मये-डिचोली-लाटंबार्से बसवर कंडक्टर होता. बस खाजगी, ड्रायव्हर काशिनाथ, तो चंदगडकडचा. मागच्या दारात लोंबकळत गोकुळदास शिट्टी वाजवायचा. एक वाजली की काशिनाथ थांबायचा, दोन वाजल्या की सुटायचा. दोघं वर्षानुवर्षं असेच बोलत आले होते.

रविवारी गोकुळदास फुटबॉलचा रेफ्री असायचा. शिट्टी तीच. भात कापून झालं की शेतांची मैदानं व्हायची आणि वाड्यावाड्यांचे सामने सुरू व्हायचे. त्याला बोलावणं यायचं कारण तो कुणाच्याच बाजूचा नव्हता. त्याची बस दोन्ही गावांना जायची.

सुमंगला लाटंबार्सेची. म्हणजे लग्न होऊन तिथं आलेली. नवरा शंभू खाणीवर ट्रक चालवायचा आणि गावच्या टीमचा गोलकीपर होता. चांगला गोलकीपर होता. लांब हातांचा. सुमंगला बसमध्ये नेहमी काशिनाथच्या मागच्या सीटवर बसायची. कधी तिच्या मनगटाला फडकं बांधलेलं असायचं, कधी उन्हाळ्यातही पदर कानापर्यंत ओढलेला. गोकुळदास विचारायचा नाही. थांबा कुठला तेवढं विचारायचा.

पंच्याऐंशीत शिगम्याच्या आधी ती बसमध्ये चढली तेव्हा तिच्याजवळ कापडी पिशवी होती. डिचोलीपर्यंत जाते म्हणाली. बस अर्ध्या वाटेवर असताना मागून मोटारसायकल आली. शंभू हात वर करून ओरडत होता. गोकुळदासने शिट्टी वाजवली. कुणी हात वर केला की थांबायचं, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. काशिनाथने ब्रेक मारला. शंभू आत आला. त्याने बायकोला हातही लावला नाही. नुसता दारात उभा राहिला. ती उठली, पिशवी घेतली आणि उतरली. उतरताना तिने गोकुळदासकडे बघितलं. रागाने नव्हे. माणूस घड्याळाकडे बघतो तसं.

त्यानंतर बराच काळ ती बसमध्ये दिसली नाही.

सत्याऐंशीच्या एप्रिलात लाटंबार्सेच्या शेतात फायनल झाली. मये विरुद्ध लाटंबार्से. आदल्या डिसेंबरात, राज्याची भाषा कोंकणी की मराठी या आंदोलनात, रस्त्यांवर झाडं आडवी पडली होती, बसच्या काचा फुटल्या होत्या. फेब्रुवारीत राजभाषेचा कायदा झाला तरी लोकांच्या मनातलं निवलं नव्हतं. कोण कुठला पेपर वाचतो, कोण पोरांना कुठल्या शाळेत घालतो, सगळं मोजलं जात होतं. फुटबॉल तेवढा राहिला होता, म्हणून गर्दी खूप होती.

लाटंबार्से एका गोलने पुढे होती. सामना संपत आलेला. मयेचा तुषार चेंडू घेऊन सुटला. नुकताच बीए झालेला पोरगा, मराठी साहित्य घेऊन. पायात मात्र वीज. समोर फक्त शंभू. शंभूची पाठ रस्त्याकडे. गोलाच्या मागे काटेरी कुंपण, कुंपणापलीकडे मेर, म्हणजे शेताचा बांध, मेरेपलीकडे हद्दीपार महाराष्ट्रात दोडामार्गाला जाणारा रस्ता. त्या बाजूला प्रेक्षक बसत नसत. गोकुळदास तुषारच्या मागून धावत होता.

मेरेवरून कुणीतरी धावत होतं. उजवा हात वर, डाव्या हातात कापडी पिशवी. रस्त्यावरून दोडामार्गाची लाल बस पुढे निघाली होती.

शिट्टी वाजली.

मग तुषारचा पाय चेंडूला लागला. चेंडू शंभूच्या हाताखालून जाळ्यात गेला. रस्त्यावर लाल बस थांबली. दार उघडलं, मिटलं, आणि बस निघून गेली. इकडे मयेवाले मैदानात शिरून तुषारला खांद्यावर घेत होते, आणि गोकुळदास गोलाकडे बघत उभा होता. शिट्टी चेंडूच्या आधी वाजली होती. शिट्टी वाजली की खेळ थांबला. थांबलेल्या खेळात गोल होत नाही. त्याने गोल दिला नाही. दोघांच्या मध्ये चेंडू टाकून खेळ पुन्हा सुरू केला, आणि थोड्या वेळात सामना संपला.

"शिट्टी कित्याक मारली?" मयेच्या कॅप्टनने त्याची कॉलर धरली होती.

"बससाठी कुणीतरी धावत होतं," गोकुळदास म्हणाला.

कॅप्टनने कॉलर सोडली. इतकं खुळं उत्तर त्याने आयुष्यात ऐकलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गोकुळदास बसच्या दारात उभा राहिला. तिथून पुढे त्याची सुटका नव्हती. मयेत चढणारे त्याला एक विचारायचे, लाटंबार्सेत चढणारे दुसरं. बस भरली की दोन्ही गावं त्याच्या दोन्ही बाजूंना उभी असायची आणि मध्ये तो, दांडीला धरून.

"माम, तुझी शिट्टी कोंकणीत वाजते की मराठीत?"

"मामाक विचारू नका रे. तो आता म्हणेल, म्हशीला बस चुकत होती."

"अरे, तो मराठी पेपर वाचतो. म्हणून लाटंबार्सेला सांभाळून घेतलं."

"गप रे, त्याची बायको घरात कोंकणीच उलयता."

"मग तिनेच सांगितलं असेल, मराठीवाल्या पोराचा गोल घालव म्हणून."

बस हसायची. गोकुळदासही थोडा हसायचा. उतरायला जागा नव्हती. काशिनाथ आरशातून बघायचा.

"गोकुळशेट, कोण हुतं त्ये सांगून टाका की एकदा," तो एकदा डिचोलीच्या स्टँडवर म्हणाला. "म्हंजे इषय संपंल."

गोकुळदास टायर बघायला खाली उतरला.

बायकोपाशी, तारापाशीही तो बोलला नव्हता. तिला ते त्याच्या गप्प बसण्यावरून कळलं होतं. म्हणजे काहीतरी आहे, एवढं कळलं होतं.

"सांगून टाका नि मोकळे व्हा," ती ताटात भात वाढत म्हणाली.

"मी मोकळा होईन."

"मग?"

त्याने भातात कढी कालवली.

शंभूने गावात सांगितलं होतं की सुमंगला आजारी आईकडे माहेरी गेली आहे. ते खोटं होतं. सामना संपवून, कप घेऊन, मिरवणुकीतून तो घरी आला तेव्हा चूल थंड होती. तिचा एक मावसभाऊ म्हापशाला होता, म्हणून शंभू म्हापशाला जाऊन आला. पणजीला जाऊन आला. दर वेळी डिचोलीपर्यंत गोकुळदासच्याच बसने गेला आणि आला. बायको पळाली हे कुणाला विचारणार? विचारलं तर सांगावं लागणार.

पण हळूहळू त्याच्या ध्यानात आलं. गोकुळदासला ते एका दुपारी दिसलं. शंभू मागच्या सीटवर बसला होता. बाजूचे लोक नेहमीप्रमाणे थट्टा करत होते, बससाठी धावणाऱ्याबद्दल. शंभू हसता हसता थांबला. मग त्याने मान वर करून गोकुळदासकडे बघितलं आणि डिचोली येईपर्यंत नजर काढली नाही.

आठवड्याभरात शंभू महादेवबाबांच्या घरी गेला. महादेवबाब ग्रामपंचायतीचे पंच होते आणि सामन्यांच्या कमिटीचे अध्यक्ष. तीस मे रोजी गोवा घटक राज्य होणार होतं. त्या दिवशी गावात कार्यक्रम हवाच होता. शंभू म्हणाला, फायनल पुन्हा खेळूया. कप आम्ही परत ठेवतो. फक्त सामन्याच्या आधी रेफ्रीने देवळात नारळावर हात ठेवून सांगावं, कोण धावत होतं आणि कुठल्या बसला.

लोकांना शंभूचं कौतुक वाटलं. जिंकलेला माणूस कप परत द्यायला निघाला होता. मयेवालेही तयार झाले. महादेवबाब स्वतः बसच्या थांब्यावर येऊन गोकुळदासला म्हणाले, "बरं झालं बघ. देवासमोर एकदा बोललास की दोन्ही गावांची तोंडं बंद. तू खोटं बोलत नाहीस हे सगळ्यांना ठाऊक आहे."

"होय," गोकुळदास म्हणाला.

नारळावर हात ठेवून खोटं बोलणं त्याच्या हातून होणार नव्हतं. आणि खरं बोललं तर दुपारपर्यंत शंभू दोडामार्गाला पोचला असता. देवळातही गप्प राहता आलं नसतं. त्याचं गप्प बसणं सगळ्यांना वाचता येत होतं.

रात्री अंथरुणावर त्याला ते धावणं दिसायचं. तिच्या पायात चपला नव्हत्या. शिट्टी हाताच्या सवयीने वाजली की आपण वाजवली, हे त्याला ठरवता येत नव्हतं. एकदा एका हाताला बघून बस थांबवली होती. आता दुसऱ्या हाताला बघून थांबवली. दोन्ही वेळी विचार केला नव्हता. पहिल्या वेळी केला असता तर, असं त्याला वाटायचं, आणि तो कूस बदलायचा.

तीस मेला सकाळी तो मैदानावर आला. रेघा मारायचं काम तो नेहमी स्वतः करायचा. बुडाला भोकं पाडलेला पत्र्याचा डबा, त्यात चुना. दोन खुंट्यांमध्ये दोरी ताणायची आणि तिच्या कडेने डबा हलवत जायचं. दोरीचं दुसरं टोक धरायला तुषार आला होता. मयेहून सायकलवर. गोल रद्द झाल्यावर त्याच्याशी न भांडलेला मयेचा तो एकटाच. देवळाकडून ढोलाचा आवाज येत होता. नारळ फुलांच्या ताटात आधीच नेऊन ठेवला होता.

मधली रेघ झाली. बाजूच्या झाल्या. मग दोघं रस्त्याकडच्या गोलापाशी आले. तिथं शंभू उभा होता. नव्या शर्टात. खांबाला टेकून.

"माम," तो म्हणाला, "त्या दिवशी मी इथं उभा होतो. माझी पाठ रस्त्याकडे."

"होय."

"माझ्या पाठीमागचं तुला दिसलं."

गोकुळदास डबा हलवत राहिला. गोलासमोरच्या चौकोनाची डावी रेघ पडत होती.

"देवळात सांगणारच आहेस. मला आधी सांगितलंस तर बरं. घरातली गोष्ट आहे."

"रेघ मोडेल, शंभू. पाय काढ."

शंभूने पाय काढला. "देवळात भेटू," म्हणाला आणि ढोलाच्या दिशेने गेला.

तुषार दोरीचं टोक धरून उकिडवा बसला होता. शंभू लांब गेल्यावर त्याने मान वर न करता म्हटलं, "माम, मी पण बघितली तिला."

पुढच्या रेघेवर गोकुळदासचा हात थांबला. डब्यातून चुन्याचा लहानसा ढीग खाली पडला.

"कधी?"

"किक मारायच्या आधी. अनवाणी होती."

"मग बोलला नाहीस? तुझा गोल गेला. खाणीच्या टीमवाला तुला बघायला आला होता म्हणे."

"मला कुणी विचारलं नाही," तुषार म्हणाला. "सगळे तुम्हालाच विचारतात."

गोकुळदासने त्याच्याकडे बघितलं. मग मैदानाकडे. तीन बाजूंनी पांढऱ्या रेघा, मध्ये वर्तुळ, आणि रेघांच्या आत तो. सामना व्हायचा तर आधी देऊळ. देऊळ झालं तर नारळ. रेघा पुऱ्या झाल्या की सामना होणार.

"दोरी ताणून धर," तो म्हणाला. "मी आलो."

त्याने डबा खाली ठेवला. गळ्यातली शिट्टी काढली आणि गोलाच्या खांबाला जाळं बांधायला जो खिळा होता त्याला अडकवली. कुंपणाची काठी बाजूला सारून तो मेरेवर चढला. समोरून काशिनाथची बस डिचोलीकडे निघाली होती, आत बसमालकाचा भाचा त्या दिवसापुरता कंडक्टर म्हणून. गोकुळदासने हात वर केला आणि धावला. पन्नाशीच्या माणसाला जमेल तेवढा.

शिट्टी वाजली नाही. काशिनाथ तरी थांबला.

"कुठं, गोकुळशेट?" त्याने आरशातून विचारलं. "आणि मॅच?"

गोकुळदास ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसला. या सीटवरून रस्ता किती जवळ दिसतो हे त्याला ठाऊक नव्हतं. "डिचोली," तो म्हणाला. "तिथून वाळपईची बस मिळते." वाळपईच्या बसवर माणूस हवा होता. तिथं हा गोल कुणाला ठाऊक नव्हता. निदान पावसाळा सरेपर्यंत कळला नसता.

दोन शिट्ट्या वाजल्या, दुसऱ्या कुणाच्या तरी. बस हलली. त्याने खिडकीतून मागे बघितलं. गोलासमोर तुषार अजून उकिडवा होता, दोरी ताणून धरलेली. डावी रेघ पुरी झाली होती. पुढची अर्ध्यावर थांबली होती, चुन्याच्या ढिगापाशी. उजवीकडची मारायची राहिली होती.