चिनी थडगं आणि आमचं लग्न

मी माझ्या बायकोला पहिल्यांदा पाहिलं ते चिनी थडग्यातल्या सामानात.

पन्नाशीच्या दशकातली गोष्ट. मी बेंगळूरच्या एका कॉलेजात नुकताच इतिहास शिकवायला लागलो होतो. पोह्यांची बशी समोर ठेवून मुलगी बघणं मला मागासलेलं वाटे. म्हणून मीच ठरवलं, दोन्ही घरच्यांनी म्युझियममध्ये भेटायचं. तिथे प्राचीन चिनी शिल्पांचं प्रदर्शन आलं होतं. ती प्रेताबरोबर पुरलेली असत, एवढंच मी आईला सांगितलं नाही. (पलीकडच्या गल्लीतून प्रेतयात्रा गेली तरी आई आंघोळ करायची.)

मातीचे घोडे, उंट, वाजंत्रीवाले! मी हरखून दोन्ही कुटुंबांच्या पुढे पुढे धावत होतो.

"हा बघा सेनापती," एका गुबगुबीत मूर्तीकडे बोट दाखवत मी म्हणालो. "चेहऱ्यावरचं शौर्य बघा."

"ती राजवाड्यातली बाई आहे," सरोजा, म्हणजे मुलगी, हळूच म्हणाली. "खाली पाटी आहे."

तिच्या वडिलांना, म्हणजे अण्णांना, खोकला आला.

तेवढ्यात आई एका घोड्याची मान कुरवाळू लागली. "मुट्टबेडी! हात लावू नका, अम्मा," पहारेकरी ओरडला.

"किती गोड आहे," आई म्हणाली. "कुठून आणलाय रे?"

"चीनमधून," मी घाईने म्हणालो.

"थडग्यातून," सरोजाने पाटी वाचली.

आईचा हात मानेवरच थिजला. सरोजाच्या आईनेही पदर सावरला. दोघींचं पहिलं एकमत तिथेच झालं: सगळ्यांनी ताबडतोब डोक्यावरून आंघोळ! आमचं घर जवळ, चामराजपेठेत. दोन जटके, म्हणजे तिथले टांगे, करून सगळी वरात आमच्याकडे.

माणसं सहा, न्हाणीघर एक, पाण्याचा हंडा एक. लाकडं ओली. मी चुलीपाशी फुंकर मारत बसलो.

"स्वल्प आणखी गरम," आतून सरोजाचे वडील म्हणाले. मग, "तुमचं गोत्र कोणतं?"

मी धुरातून गोत्र सांगितलं. ते माझ्या वडिलांचं आखूड धोतर नेसून बाहेर आले. सरोजा माझ्या आईच्या नऊवारीत अडखळत आली, माझ्या काजळलेल्या तोंडाकडे बघून हसली आणि "कळवतो" म्हणून मंडळी निघून गेली. मी आशा सोडली.

तिसऱ्या दिवशी होकार आला!

लग्नानंतर मी सरोजाला विचारलं, "एवढं होऊनही तुमच्या घरी मी पसंत कसा पडलो?"

"अण्णा म्हणाले," ती म्हणाली, "मुलाला इतिहास येत नाही, पण पाणी उत्तम तापवतो."